४५ मिलिमीटरची गोष्ट

वीर नावाचं एक रेल्वे स्टेशन आहे, हे आपल्या हॉस्टेलमधल्या निम्म्या मुलांना माझ्यामुळे कळलं असा माझा दावा आहे. उरलेल्या निम्म्यांना ते गणपतीच्या सुट्टीत क्रॉसिंगसाठी गाडी उभी राहिली की खिडकीतून पाटी वाचून कळतं! महाड तालुक्यातलं हे आमचं गाव. कोकण रेल्वेचा उत्तरेकडचा पहिला टप्पा रोहा ते वीर, ४७ किलोमीटरचा, १९९३ मध्ये सुरू झाला. म्हणजे काही काळ उत्तरेकडून येणारी कोकण रेल्वे आमच्या गावात येऊन संपायची. गावातले म्हातारे अजूनही हे अशा थाटात सांगतात, की जणू रूळ त्यांनीच टाकले.

त्याच १९९३ साली, जुलै महिन्यात, आणखी एक गोष्ट घडली. तिचा वीरशी तेव्हा काहीही संबंध नव्हता. मारुतीने आपल्या जिप्सीची चाकं एकमेकांपासून ९० मिलिमीटरने लांब नेली. या दोन गोष्टींची गाठ आमच्या अंगणात पडायला पुढे बरीच वर्षं लागली, आणि ती पडली माझ्या काकांमुळे.

काकांकडे १९९१ सालची जिप्सी आहे. पेट्रोल, ९७० सीसी, कापडी हूड, आणि मूळ रंग कोणता यावर घरात तीन मतं. २०१२ मध्ये त्यांनी ती सेकंडहँड घेतली. आमची वरकस जमीन डोंगराच्या अंगाला आहे. तिथे आंब्याची कलमं आहेत, पेंढा आणायचा असतो, खत चढवायचं असतं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या भागात त्या वाटेवर दुसरं काही टिकत नाही. बैल टिकायचे, ते आता राहिले नाहीत.

जिप्सीबद्दल थोडं सांगतो. मेकॅनिकलवाल्यांनी पान उलटू नये आणि कॉम्प्युटरवाल्यांनी घाबरू नये. ही गाडी डिसेंबर १९८५ मध्ये भारतात आली. मुळात ती जपानच्या सुझुकीची छोटी जीप, एसजे ४१०. सुरुवातीच्या जिप्सीत पुढच्या दोन चाकांमधलं अंतर, म्हणजे ट्रॅक, १२१० मिमी होतं आणि मागच्या चाकांमधलं १२२० मिमी. गाडी उंच आणि पाय जवळजवळ. डोंगरउतारावर आडवी गेली की आत बसलेला माणूस आपोआप देवाचं नाव घ्यायचा. १९९३ मध्ये कंपनीने ‘वाइड ट्रॅक’ जिप्सी आणली. पुढचा ट्रॅक झाला १३०० आणि मागचा १३१०. म्हणजे प्रत्येक बाजूला ४५ मिमी वाढ.

पण बॉडी तीच राहिली. मग बाहेर आलेल्या चाकांवर झाकण म्हणून चाकाच्या कमानीवर फुगीर पट्ट्या आल्या, त्यांनाच फेंडर फ्लेअर म्हणतात. रस्त्यावर जिप्सी दिसली की ती ९३ च्या आधीची का नंतरची, हे ओळखायची सगळ्यात सोपी खूण हीच. जिला फुगीर भुवया, ती वाइड ट्रॅक. आमची जिप्सी अर्थातच बिनभुवयांची.

आता मूळ मुद्दा. काकांनी गाडी घेतली तेव्हाच तिला कंपनीच्या रिमा नव्हत्या. आधीच्या कुणा हौशी मालकाने बाजारातल्या रुंद, बाहेर फुगलेल्या रिमा आणि त्यावर जाड खड्ड्यांचे टायर चढवले होते. जिप्सीच्या चाकाला पाच नट असतात आणि ते १३९.७ मिमी व्यासाच्या वर्तुळावर बसतात. जुन्या महिंद्रा जीपचंही माप तेच. त्यामुळे या मापाच्या रिमा बाजारात पोत्याने मिळतात. पाचही नट गुण्यागोविंदाने बसतात, आणि नट बसले म्हणजे रिम बसली असं सगळ्यांनाच वाटतं.

चारही टायर बॉडीच्या बाहेर डोकावत होते. गाडी दिसायची झकास! मी शाळेत असताना त्या गाडीतून महाडला उतरायचो, तेव्हा छाती आपोआप दोन इंच पुढे यायची.

काकांचा त्या चाकांवर जीव असण्याचं कारण मात्र वेगळं होतं. २२ जुलै २०२१. महाडचा पूर तुमच्यापैकी अनेकांनी बातम्यांत पाहिला असेल, काहींनी घरात पाहिला. सावित्रीचं पाणी शहरात शिरलं, आणि त्याच दिवशी तळियेची दरड कोसळली. पाणी ओसरल्यावर मागे राहिला तो चिखल. दुकानात, देवघरात, कपाटाच्या बंद खणात. काका आणि गावातले दोघं-तिघं आठवडाभर जिप्सीतून पिण्याच्या पाण्याचे कॅन, बिस्किटं, मेणबत्त्या पोचवत होते. मी दहावी-अकरावीच्या उंबरठ्यावर होतो आणि मागे बसून कॅन धरायचं काम माझ्याकडे होतं. गुडघाभर चिखलातून गाडी एकदाही अडकली नाही. तेव्हापासून काका म्हणायचे, “ही चाकं काढायची नाहीत. या चाकांनी इमान राखलंय.”

अशा चाकांना नावं ठेवायची कुणी? मी तर नाहीच.

नावं ठेवली ती एका आजीने. गेल्या वर्षीच्या श्रावणातली गोष्ट. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्या भाजीची पाटी घेऊन चालल्या होत्या. काकांनी त्यांना बघून गाडी हळू केली होती, तरीही पुढच्या चाकाने डबक्यातलं लाल पाणी असं काही फेकलं की आजी, त्यांचं लुगडं आणि पाटीतली अळूची पानं सगळं एका रंगाचं झालं. काका उतरून हात जोडून उभे राहिले. आजी चिडल्या नाहीत. पदराने तोंड पुसत एवढंच म्हणाल्या, “गाडी मोठी केलीस रं बाबा, पन रस्ता तेवढाच हाय.”

काकांनी पाटीतली सगळी भाजी विकत घेतली. आमच्याकडे चार दिवस अळूचं फतफतं होतं. पण ते वाक्य काकांच्या मनातून गेलं नाही. त्या शनिवारी मी घरी गेलो, तर हात धुवायच्या आत म्हणाले, “इंजिनियर, वाइड ट्रॅकचे ते फ्लेअर आपल्या गाडीला बसतील का?”

बसतील, असं मला वाटत होतं. बॉडी तीच आहे, कमान तीच आहे. कुर्ल्याच्या जुन्या पार्ट्सच्या बाजारात चार फायबरचे फ्लेअर मिळाले. तिथून ते मी लोकलने आणि मग पॅसेंजरने वीरला आणले. डब्यात एका लहान मुलाने विचारलं, “दादा, ह्या डायनासोरच्या बरगड्या आहेत?” मी हो म्हणालो. वीर येईपर्यंत आदराने वागवलं पोराने.

पण फ्लेअर हातात आल्यावर लगेच ड्रिल मशीन सुरू करायचं नाही, असं मी ठरवलं होतं. कारण साधं आहे. टायर किती बाहेर आहे हेच आम्हाला माहीत नव्हतं. ‘बराच बाहेर आहे’ हे माप नव्हे. शेजारी घराचं बांधकाम चालू होतं, तिथल्या गवंड्याकडून ओळंबा मागून आणला. सपाट जागेवर गाडी उभी केली, हवा चारही टायरांत सारखी केली आणि कमानीच्या कडेवरून ओळंबा सोडून टायर त्या दोरीच्या किती पुढे येतो ते पट्टीने मोजलं. पुढचा डावा २९ मिमी, पुढचा उजवा ३१, मागचा उजवा २८, आणि मागचा डावा ३६. मागच्या डाव्या बाजूचा पत्रा कधीतरी ठोकून सरळ केलेला असणार. चार चाकांची चार मापं! वीस रुपयांच्या ओळंब्याने जे सांगितलं, ते तेरा वर्षं कुणालाच माहीत नव्हतं.

फ्लेअर तर ४५ मिमी वाढीसाठी केलेले. म्हणजे झाकण पुरेल. काका खूश. “मग लाव की!”

इथेच मला एक गोष्ट खटकायला लागली. रात्री कागदावर दोन्ही गाड्यांची आकृती काढून बघितली, तेव्हा ती नीट दिसली.

कंपनीने वाइड ट्रॅक केली तेव्हा अ‍ॅक्सलच लांब केला. आतला दांडा लांब, त्याचं घर लांब. त्यामुळे चाक बाहेर गेलं तसं त्याचं बेअरिंगही बाहेर गेलं. चाकाच्या मध्यावर येणारा भार आणि बेअरिंग यांचं नातं जसं होतं तसंच राहिलं. आमच्या गाडीत अ‍ॅक्सल जुनाच, बेअरिंग जुन्याच जागी, आणि फक्त रिम बाहेर फुगलेली. म्हणजे भार बेअरिंगपासून लांब गेला. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही गाड्या सारख्याच दिसणार, टायर बाहेर आणि त्यावर फ्लेअर. आतमध्ये मात्र एक गाडी रुंद झालेली आहे आणि दुसरी रुंद असल्याचं सोंग करते आहे.

आकडा काढून बघू. माणसं आणि सामान धरून एका चाकावर अंदाजे ३०० किलो भार धरा. ३०० गुणिले ९.८१ गुणिले ०.०३ मीटर. उत्तर जवळपास ८८ न्यूटन-मीटर. एवढं जादा पिळवटणं त्या बेअरिंगवर आणि हबवर, गाडी नुसती उभी असताना! खड्ड्यात चाक आपटलं की हा आकडा किती उड्या मारतो, ते आमच्या बाजूचा हायवे ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. शिवाय पुढच्या चाकाची वळण्याची आस जमिनीला जिथे टेकते आणि टायर जिथे टेकतो, या दोन बिंदूंमधलं अंतर वाढतं. त्याला स्क्रब रेडियस म्हणतात. ते वाढलं की दगडावर चाक चढताच स्टिअरिंग हातातून हिसका देतं. काकांचा उजवा अंगठा दर पावसाळ्यात दुखायचा, त्याचं कारण वय नव्हतं!

सकाळी पुढचं चाक जॅकवर उचललं. घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी हात धरून हलवलं. खट्, खट्. काकांचा चेहरा उतरला. मग आठवून आठवून म्हणाले, “दोन वर्षांत दोनदा बेअरिंग बदललंय. मला वाटलं पाणी जातं.” पाणीही जात असेल. पण दर वेळी तोच गुन्हेगार कसा?

काकांना हे पटवणं सोपं नव्हतं. न्यूटन-मीटर त्यांच्या कामाचे नव्हते, आणि चाकांनी इमान राखलं होतं हेही खरं होतं. पटवलं ते काकूंनी, आणि तेही चुलीपाशी बसून. मी म्हणत होतो की भार तेवढाच आहे पण लांब गेलाय. काकू म्हणाल्या, “अहो, भरलेली कळशी कमरेवर घेतली तर मी विहिरीपासून घरापर्यंत येते. तीच हात लांब करून धरा म्हटलं तर दहा पावलं जाल का?”

स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सचा अख्खा तास एका कळशीत! काका गप्प बसले. थोड्या वेळाने म्हणाले, “म्हणजे फ्लेअर लावले असते तर हे झाकलंच गेलं असतं.” मग स्वतःच पुढे म्हणाले, “रिमा बदलू.”

ते म्हणताना त्यांना काय वाटलं असेल याचा मला अंदाज आहे. पुराच्या दिवसांतली चाकं होती ती. पण एकदा ठरल्यावर ते मागे फिरले नाहीत. कंपनीच्या मापाच्या चार जुन्या लोखंडी रिमा मिळवल्या, सरळ आहेत का ते फिरवून बघितलं, घासून रंगवल्या. टायर मात्र मूळ मापापेक्षा किंचित रुंद घेतले, कारण वरकसची वाट काही बदललेली नाही. पुन्हा ओळंबा सोडला. आता टायर ८ ते १० मिमी बाहेर. मागचा डावा अर्थातच १६, कारण तो पत्रा काही माझं ऐकत नव्हता.

मग प्रश्न आला, की आता फ्लेअर हवेतच कशाला? आठ-दहा मिमी म्हणजे काय, करंगळीची रुंदी! इथे मला थोडा अभ्यास करावा लागला, आणि तो तुमच्याही उपयोगाचा आहे.

टायरला चिकटलेला खडा जेव्हा सुटतो, तेव्हा तो चाकाला स्पर्शरेषेच्या दिशेने सुटतो. गाडीत बसलेल्याच्या दृष्टीने त्याचा वेग गाडीच्या वेगाएवढाच असतो. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११.१ मीटर. चाकाच्या मागच्या बाजूने, अक्षाच्या उंचीवरून सुटलेला खडा सरळ वर निघतो. हवेचा अडथळा सोडला तर तो सहा मीटरहून वर जाईल, म्हणजे हॉस्टेलच्या दुसऱ्या मजल्यापर्यंत! त्याला अडवायला मध्ये फक्त कमान असते. कमानीच्या बाहेर जेवढी टायरची पट्टी उघडी, तेवढ्या पट्टीवरचा चिखल थेट जगाला अर्पण. युरोपच्या वाहन-नियमांमध्ये तर हे कोनात सांगितलेलं आहे. चाकाच्या मध्यातून उभी रेषा काढली, की तिच्या पुढे ३० अंश आणि मागे ५० अंश एवढ्या भागात टायरची पूर्ण रुंदी झाकलेली हवी. मागचा कोन मोठा का, ते आमच्या गावातल्या आजींना विचारा.

तेव्हा मला जाणवलं, की गाडीतले बहुतेक भाग आत बसणाऱ्यासाठी असतात. सीट, स्प्रिंग, स्टिअरिंग, सगळं. मडगार्ड हा त्यातला अपवाद आहे. तो रस्त्यावरून चालणाऱ्यासाठी असतो. मालकाला त्याचा काही उपयोग नसतो, म्हणूनच हौशी माणूस सगळ्यात आधी तोच कापतो.

जपानमध्ये हीच छोटी जीप दोन रुंदींमध्ये मिळते. तिथे ‘केई’ नावाच्या लहान गाड्यांच्या वर्गाला रुंदीची मर्यादा आहे, सध्या १४८० मिमी. २०१८ साली आलेली जिम्नी त्या मर्यादेत १४७५ मिमी रुंद आहे आणि तिला फ्लेअर नाहीत. तिचीच बहीण जिम्नी सिएरा १६४५ मिमी रुंद, ट्रॅक मोठा आणि कमानींवर काळे फ्लेअर. २०२३ मध्ये भारतात आलेली पाच दारांची जिम्नीही १६४५ मिमीच आहे. म्हणजे कंपनी जेव्हा फ्लेअर लावते तेव्हा त्याच्या आत खरोखर काहीतरी बदललेलं असतं. आपण लावतो तेव्हा आत काय आहे, हे आपणच बघायला हवं.

तर फ्लेअर लावायचं ठरलं. आता प्रत्यक्ष कामाबद्दल. कुणाच्या घरी जुनी जीप असेल तर हे कात्रण जपून ठेवा.

पहिलं काम साचा. आपल्या ड्रॉइंग शीटची मागची बाजू यासाठी उत्तम असते (पुढच्या बाजूवर सरांची लाल शाई असली तरी चालते). प्रत्येक कमानीवर शीट चिकटवून कड गिरवली आणि फ्लेअरवर ठेवून बघितली. तीन कमानी ३ ते ५ मिमीच्या फरकाने जुळल्या. चौथी, म्हणजे तीच मागची डावी, एका टोकाला ११ मिमी उघडी. महाडच्या टिंकरिंगवाल्या चाचांना ती दाखवली. मला वाटलं ते पुट्टी भरतील. त्यांनी पुट्टीचा डबा बाजूला सारला आणि हातोडी-डॉली घेऊन दोन तास पत्रा ठोकून कमान गोल केली. म्हणाले, “पुट्टी से फोटो अच्छा आता है, गाडी नहीं.” हे वाक्य आपल्या वर्कशॉपच्या दारावर लावायला हरकत नाही.

दुसरं, चाक हलतं हे विसरायचं नाही. गाडी सपाट उभी असताना फ्लेअर आणि टायरमध्ये भरपूर जागा दिसते. म्हणून एका बाजूच्या पुढच्या आणि दुसऱ्या बाजूच्या मागच्या चाकाखाली जांभ्याचे चिरे रचून गाडी त्यावर चढवली. म्हणजे ती दोन चाकं कमानीत पूर्ण वर दाबली गेली. मग स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं. पुढच्या डाव्या फ्लेअरची आतली कड टायरच्या खड्ड्याला घासत होती. तिथे ६ मिमी कानशीने काढलं. हीच गोष्ट वरकसच्या वाटेवर कळली असती तर फ्लेअर तिथेच राहिला असता, आणि कदाचित टायरही.

तिसरं म्हणजे गंज, आपला कोकणातला शत्रू नंबर एक. पत्र्याला भोक पाडलं की रंगाचं कवच फुटतं. फ्लेअर आणि पत्रा यांच्या फटीत चिखल बसतो, तो ऑक्टोबरपर्यंत ओला राहतो, आणि पत्रा आतून खाल्ला जातो. बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून प्रत्येक भोकाची कड घासून तिला दोन हात प्रायमर आणि वर रंग दिला. फ्लेअरच्या वरच्या कडेला रबराचं बीडिंग लावलं, म्हणजे वरून पाणी आत जाणार नाही. खालची टोकं मात्र मुद्दाम उघडी ठेवली, म्हणजे गेलेलं पाणी बाहेर येईल. स्टेनलेसचे बोल्ट, मोठे वॉशर, आणि आवळताना हात हलका. फायबर ताकदीला नाही, जबरदस्तीला तडकतं. माणसांसारखंच.

दोन रविवार गेले. चारही फ्लेअर बसले. दुरून बघितलं आणि मला हसू आलं. ४५ मिमीचं झाकण, आणि त्याखाली आठ-दहा मिमी बाहेर आलेला टायर. लहान मुलाने वडिलांचा रेनकोट घातल्यासारखी गाडी दिसत होती. पूर्वीचा तो रुबाब पार गेला. मी काकांकडे बघितलं. त्यांना वाईट वाटलं असेल असं वाटलं.

काका म्हणाले, “असू दे. छत्री माणसापेक्षा मोठीच असावी लागते.”

एक काम अजून बाकी आहे, तेही सांगतो, नाहीतर कुणी पुढच्याच रविवारी ड्रिल घेऊन बसेल. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत बदल करण्याबद्दल आहे. उत्पादकाने मुळात जे तपशील दिले त्यांच्याशी विसंगत असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही एका निकालात हेच स्पष्ट केलं. पंधरा वर्षांवरच्या खाजगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते, आणि आमच्या जिप्सीची तारीख येत्या उन्हाळ्यात आहे. तिला पेणच्या कार्यालयात न्यायचं आहे. काकांचं म्हणणं असं, की लपवायचं काही नाही. फ्लेअरसकट गाडी न्यायची, दाखवायची, विचारायचं. चालणार नाही म्हणाले तर बोल्ट काढून फ्लेअर उतरवायचे, भोकांना रबराचे बूच लावायचे आणि टायर एक माप बारीक घ्यायचे. बूच मी आधीच आणून ठेवलेत.

त्या जुन्या रुंद रिमा काकांनी विकल्या नाहीत. कुणी घेऊन परत गाडीला लावेल म्हणून! त्यातल्या दोन परसात आहेत, काकूंनी त्यात माती भरून अळू लावलंय. उरलेल्या दोन गोठ्यात उभ्या आहेत. त्यांच्यावरचा पुराचा चिखल काकांनी अजून पूर्ण धुतलेला नाही, आणि कुणाला धुवूही देत नाहीत.

मित्रांनो, मेकॅनिकलला येताना मला वाटायचं की इंजिनियर म्हणजे नवीन काहीतरी बनवणारा. या दोन महिन्यांत मी नवीन काहीच बनवलं नाही. दुसऱ्या गाडीचा पार्ट आमच्या गाडीवर आणला, एवढंच. पण तो आणताना लक्षात आलं, की प्रत्येक पार्ट हे कुणीतरी दिलेलं उत्तर असतं. १९९३ साली कुणीतरी प्रश्न विचारला, की ही गाडी उतारावर स्थिर कशी राहील? त्याने अ‍ॅक्सल वाढवला, आणि मग उरलेल्या ४५ मिलिमीटरसाठी फ्लेअर केला. फ्लेअर हे त्या उत्तराचं शेवटचं पान. आपण बाजारातून नेमकं तेवढंच पान फाडून आणतो.

हे फक्त जीपपुरतं नाही. आपल्या हॉस्टेलवर सेमिस्टरच्या शेवटी दुसऱ्याच्या प्रोजेक्टमधलं सर्किट, दुसऱ्याच्या प्रोग्रॅममधलं फंक्शन, मागच्या बॅचच्या रिपोर्टमधला ग्राफ असे किती फ्लेअर रूम नंबर बारामधून रूम नंबर तेवीसमध्ये जातात! नट बसतात, व्हायवा होतो, गाडी झकास दिसते. दुसऱ्याचं घेण्यात वाईट काही नाही, सगळं जग तसंच चालतं. फक्त बसवण्याआधी आपलं चाक किती बाहेर आहे ते एकदा मोजावं, आणि ते बाहेर का आहे ते विचारावं. मोजायला फार काही लागत नाही. गवंड्याकडे ओळंबा असतो, आणि मागितला तर तो देतो.

या पावसाळ्यात काकांनी स्टेशनच्या रस्त्यावर त्या आजींना गाडीत बसवून नेलं. पाटी मागे, आजी पुढे. उतरताना आजींनी फ्लेअरवर हात ठेवून विचारलं, “ह्ये काय नवीन?” काका म्हणाले, “तुमच्यासाठीच केलंय.” आजींना काही ते खरं वाटलं नाही. पण ते अक्षरशः खरं होतं.